हिवतापाचे उरलेले मूळ

वैद्यकशास्त्रातील नव्या शोधांच्या वार्ता आपल्याकडे बहुधा दूरदेशीच्या म्हणून येतात आणि दूरदेशीच्या म्हणूनच वाचल्या जातात. कुणी एखाद्या रोगावर लस सिद्ध केली, कुणी एखाद्या जंतूच्या अंतरंगाचा नकाशा काढला, असे वृत्त आतल्या पानावर छापून येते. वाचक क्षणभर नवल करतो आणि पान उलटतो. हिवतापाच्या बाबतीत मात्र गोमंतकीय वाचकाला असे पान उलटून चालणार नाही. या रोगासंबंधी गेल्या काही वर्षांत जगात जे नवे ज्ञान निर्माण झाले, त्याचा एक भाग बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, येथे उपचारासाठी आलेल्या रुग्णांच्या रक्ताच्या आधारे निर्माण झाला आहे. आणि त्या ज्ञानाची खरी कसोटी कोणत्याही प्रयोगशाळेत लागायची नसून मोरजी, मांद्रे, हरमल, मोपा अशा, आज बांधकामाने गजबजलेल्या पेडण्यातील गावांत लागायची आहे.

मोरजीत आज हिवतापाची साथ आहे, असे आम्हाला मुळीच म्हणावयाचे नाही. किंबहुना गोव्यातील हिवताप गेल्या दीड दशकात झपाट्याने ओसरला, ही समाधानाची गोष्ट आहे. २००८ च्या सुमारास वर्षाला हजारोंनी नोंदले जाणारे रुग्ण पुढील दशकात शेकड्यांवर आले. या यशाचे श्रेय घरोघर फिरून टाक्या तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना, रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञांना आणि संशोधकांना निःसंशय दिले पाहिजे. परंतु ओसरलेला रोग आणि नाहीसा झालेला रोग यांत अंतर असते, आणि हे अंतर विसरल्याची जबर किंमत आपल्या देशाने एकदा मोजली आहे. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख त्याला बळी पडत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रणाची आणि १९५८ मध्ये निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. डी.डी.टी.च्या फवारणीने अवघ्या काही वर्षांत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. विजय झाला असे मानून यंत्रणा सैलावली, निधी आटला, डास औषधाला दाद देईनासे झाले. आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. ज्या रोगाला आपण पुरला असे समजलो होतो, त्याचे मूळ जमिनीत तसेच होते.

ते मूळ कोठे असते, याचे उत्तर गेल्या चार दशकांच्या जीवशास्त्रीय संशोधनाने क्रमाक्रमाने दिले आहे. ते समजून घेतल्याशिवाय आमचा पुढील मुद्दा ध्यानात यावयाचा नाही.

हिवतापाचे जंतू अनेक प्रकारचे आहेत. त्यांपैकी आपल्याशी संबंध येतो तो मुख्यतः दोहोंचा. फॅल्सिपेरम हा मेंदूपर्यंत पोचणारा, जीवघेणा म्हणून कुप्रसिद्ध. दुसरा व्हायव्हॅक्स, तो एक दिवसाआड थंडी-ताप आणतो, अशक्तपणा देतो, पण सहसा जीव घेत नाही, अशी वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांची समजूत होती. त्याला सौम्य असे विशेषणही लावले जाई. गोव्यातील रुग्णांत बहुसंख्या याच व्हायव्हॅक्सची आहे. आता हे विशेषण टिकण्यासारखे राहिलेले नाही. बिकानेरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये व्हायव्हॅक्सनेच गंभीर झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि त्यानंतर अनेक ठिकाणांहून तशाच नोंदी आल्या. काविळी, रक्तक्षय, मूत्रपिंड वा फुप्फुस निकामी होणे, हे सारे या सौम्य म्हणवल्या जाणाऱ्या तापातही घडू शकते.

व्हायव्हॅक्सचा खरा दुष्टावा मात्र निराळाच आहे. डासाने सोडलेले जंतू प्रथम यकृतात शिरतात. त्यांतील काही तेथे वाढून रक्तात उतरतात आणि ताप आणतात. काही मात्र यकृताच्या पेशीत निद्रिस्त पडून राहतात. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी क्रोटोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही निद्रिस्त अवस्था प्रत्यक्ष दाखवून दिली. हे जंतू काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी जागे होतात, आणि दुसरा डास चावलेला नसतानाही माणसाला पुन्हा ताप भरतो. रक्त तपासून या झोपलेल्या जंतूंचा पत्ता लागत नाही, कारण ते रक्तात नसतातच. आजमितीस त्यांना यकृतात शोधून काढील अशी कोणतीही नित्याची तपासणी वैद्यकाच्या हाती नाही.

त्यात २०२१ मध्ये आणखी एक भर पडली. इंडोनेशियाच्या पापुआ भागात अपघातादी कारणांनी ज्यांची प्लीहा काढावी लागली, अशा रुग्णांच्या प्लीहांची संशोधकांनी तपासणी केली. या माणसांना ताप नव्हता. ती आजारी आहेत असे कुणी म्हटले नसते. तरीही त्यांच्या प्लीहेत जिवंत जंतूंचा असा साठा आढळला की, त्यापुढे रक्तात फिरणारे जंतू नगण्य ठरावेत. म्हणजे काचपट्टीवर घेतलेल्या रक्ताच्या थेंबात काही न दिसणे, याचा अर्थ शरीरात काही नसणे असा होत नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या काचपट्टीच्या आधारे आपण हिवतापाशी लढत आलो, तिची मर्यादा या शोधाने स्पष्ट केली.

व्हायव्हॅक्सच्या अभ्यासातील एक अडचण येथे सांगावयास हवी, कारण तिच्यामुळेच गोव्याला या संशोधनात स्थान मिळाले. फॅल्सिपेरम प्रयोगशाळेतील पात्रात वर्षानुवर्षे वाढवता येतो. व्हायव्हॅक्स मात्र नुकत्याच जन्मलेल्या, कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो. त्यामुळे त्याला प्रयोगशाळेत सतत वाढवणे अद्यापि साधलेले नाही. परिणामी संशोधकाला रुग्णाच्या खाटेशी यावे लागते आणि त्याच्या ताज्या रक्तावर काम करावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या साह्याने दक्षिण आशियातील हिवतापाच्या अभ्यासाचा जो प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला, त्याचे एक प्रमुख केंद्र म्हणून गोवा वैद्यकीय महाविद्यालय निवडले गेले ते यामुळेच. तेथे आलेल्या रुग्णांसंबंधी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून जे चित्र उभे राहिले ते बोलके आहे. रुग्ण बहुतांशी तरुण पुरुष. त्यांत परप्रांतांतून कामासाठी आलेल्यांचे प्रमाण मोठे. ज्या हातांनी आपल्या किनाऱ्यावरच्या इमारती उभारल्या, त्याच हातांच्या बोटातून निघालेल्या थेंबांनी जागतिक विज्ञानात भर घातली. हे ऋण आहे, आणि ऋण म्हटले की फेडीचा प्रश्न येतो.

आता पेडण्याकडे वळू. शापोरा नदीच्या मुखाशी वसलेले मोरजी हे काल-परवापर्यंत शेती, नारळ आणि मासेमारी यांवर जगणारे गाव होते. आज टेंबवाड्यापासून विठ्ठलदासवाड्यापर्यंत विश्रामगृहे, बंगले आणि सदनिका यांची रांग लागली आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून बांधकामाची लाट किनाऱ्यावरून आत, डोंगरपठारांवर सरकली. बांधकाम म्हणजे पाणी साठवणे आले: सिमेंटवर मारण्यासाठी केलेले हौद, उद्वाहकासाठी खणलेले खड्डे, अर्धवट इमारतीवर झाकणाविना ठेवलेल्या टाक्या, गच्चीवर तुंबलेले पाणी. आणि शहरी हिवतापाचा वाहक जो अॅनॉफिलीस स्टिफेन्सी डास, त्याला अंडी घालण्यासाठी गटाराचे घाण पाणी नको असते. त्याला हवे असते असेच साठवलेले स्वच्छ पाणी. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हावयास आठ-दहा दिवस पुरतात.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. १९८६ पासून पणजीत हिवताप उसळला तो याच मार्गाने. बांधकाम वाढले, टाक्या वाढल्या, डास वाढले, आणि कामासाठी आलेल्या माणसांच्या रक्तातून जंतू मिळाले. नव्वदच्या दशकात कांदोळी किनाऱ्यावर तेच घडले. त्या काळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मलेरिया संशोधन केंद्राने गोव्यात केलेले काम आजही मार्गदर्शक आहे. १९७६ मध्ये इस्राएलच्या वाळवंटात सापडलेला एक सूक्ष्म जीवाणू डासाच्या अळीच्या आतड्याचा नाश करतो, माणसाला वा माशाला मात्र अपाय करीत नाही. तशाच दुसऱ्या एका अळीनाशक जीवाणूचा पणजीतील बांधकामांवरच्या पाण्यात आणि ओस पडलेल्या टाक्यांत वापर करून पाहिला गेला आणि त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. इस्राएलमधील त्या जीवाणूला येथल्याच पाण्यात राहणाऱ्या एका अळीभक्षक माशाची जोड देऊन केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. विषारी फवारणीवाचून डास आटोक्यात आणता येतो, हे गोव्याने तेव्हाच सिद्ध केले होते. कांदोळीत जे घडले ते तीस वर्षांनी मोरजीत घडू द्यावयाचे की नाही, हा प्रश्न म्हणूनच आता विज्ञानाचा नसून व्यवस्थेचा आहे.

या डासाला कमी लेखू नये. आपल्या उपखंडाचा हा रहिवासी समुद्र ओलांडून २०१२ मध्ये आफ्रिकेच्या जिबुती शहरात आढळला आणि तेथे संपत आलेला हिवताप पुन्हा फोफावला. पुढे तो इथिओपियात, सुदानात पोचला. २०२२ मध्ये इथिओपियाच्या दिरे दावा शहरात जी साथ उद्भवली तिच्यामागे हाच डास होता. खेड्यापाड्यांतील हिवतापाशी लढण्याची सवय असलेल्या आफ्रिकेला शहरातील टाक्यांत वाढणारा हा शत्रू नवा आहे. आपल्याला तो नवा नाही, आणि तरीही आपण गाफील राहिलो, तर तो दोष अज्ञानाचा म्हणता येणार नाही.

केवळ टाक्या झाकून भागेल, असेही नाही. गोव्यातच झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अॅनॉफिलीस सबपिक्टस या दुसऱ्या डासाच्या अंगी माणसाच्या हिवतापाचे जंतू आढळले. हा डास डबक्यांत, शेतातल्या पाण्यात, इतकेच नव्हे तर मचूळ पाण्यातही वाढू शकतो. बुजवलेल्या शेतांच्या कडेला तुंबणारे पाणी, मोडक्या बांधांची खाजने आणि अडवलेले नाले जेथे आहेत, तेथे या निष्कर्षाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. जमीन भरताना पाण्याची वाट बुजवली की, ते पाणी जाते कोठे, हा प्रश्न जसा पुराचा आहे तसाच आरोग्याचाही आहे.

येथवर जे सांगितले त्याच्या प्रकाशात आपल्या सध्याच्या व्यवस्थेकडे पाहू. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली बांधकामावरील मजुराला आरोग्यपत्रिका घेणे आवश्यक असून ती जबाबदारी कंत्राटदारावर टाकलेली आहे. तरतूद चांगली आहे आणि तिचा उपयोगही झालेला आहे. पण या पत्रिकेकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. गावात येणाऱ्या परक्या माणसाचे रक्त तपासले, जंतू दिसले नाहीत, पत्रिका दिली आणि गाव सुरक्षित झाला, अशी जर आपली समजूत असेल, तर यकृतातील निद्रिस्त जंतू आणि प्लीहेतील साठा या दोन शोधांनी ती समजूत मोडीत काढली आहे. ज्या दिवशी रक्त घेतले त्या दिवशी काचपट्टीवर काही दिसले नाही, एवढेच ती पत्रिका सांगते. आणखी दोन महिन्यांनी त्याच मजुराला कोणताही डास न चावता ताप भरू शकतो. त्या रात्री तो कोठे जातो, यावर सारे अवलंबून आहे. तो आरोग्य केंद्रात आला, तर साखळी तेथेच तुटली. रोजंदारी बुडेल, पत्रिका काढून घेतील, मुकादम कामावरून काढील, या भीतीने तो पत्र्याच्या खोपटात पडून राहिला किंवा दुकानातून दोन गोळ्या घेऊन कामावर गेला, तर शेजारच्या उघड्या टाकीतला डास आपले काम करील. म्हणून आरोग्यपत्रिका हा दाखला नव्हे. ते मजूर आणि आरोग्य केंद्र यांच्यातील नाते व्हावयास हवे. जी व्यवस्था भीती दाखवते तिच्यापासून रोग लपतो, आणि लपलेला हिवताप हाच सर्वांत धोक्याचा हिवताप होय.

दुसरा प्रश्न औषधाचा. व्हायव्हॅक्सचा ताप क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी उतरतो. यकृतातील झोपलेले जंतू मात्र त्याने मरत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन हे वेगळे औषध आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार चौदा दिवस घ्यावयाचे असते. ज्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, ज्याच्या अंगात कामाचे बळ आले, त्याने आणखी अकरा दिवस गोळ्या घ्याव्यात, अशी अपेक्षा आपण करतो. सुशिक्षित घरांतही प्रतिजैवकाचा पाच दिवसांचा क्रम पुरा होत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला या अपेक्षेचे मोल कळेल. त्यातही हा मजूर सातव्या दिवशी मोरजीहून मोप्याला, तेथून सावंतवाडीला वा रेल्वेने आपल्या गावी गेलेला असतो. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक उपचाराबरोबर रोगाचे एक मूळ जिवंत राहते.

प्रायमाक्विनला आणखी एक अट आहे. काही लोकांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतः उणे असते. अशा माणसाला हे औषध दिले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतते. हा दोष १९५६ मध्ये ओळखला गेला तो अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील तुरुंगातल्या बंदिवानांवर केलेल्या प्रयोगांतून. वैद्यकाचे ज्ञान कोणाच्या शरीराच्या किमतीवर उभे राहते, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे. आता नव्या संशोधनाने चौदा दिवसांचे ओझे हलके करण्याचे दोन मार्ग दाखवले आहेत. अफगाणिस्तान, इथिओपिया, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम या देशांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीच एकूण मात्रा सात दिवसांत दिली तरी परिणाम उणा राहत नाही, असे आढळले. टॅफेनोक्विन हे एकाच मात्रेचे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. परंतु या दोन्ही मार्गांच्या दारात जी-६-पीडीची तपासणी उभी आहे. टॅफेनोक्विन शरीरात दीर्घकाळ राहते, म्हणून विकराचे प्रमाण मोजून ते सत्तर टक्क्यांहून अधिक आहे याची खात्री झाल्यावाचून ते देता येत नाही. म्हणजे नवे औषध येणे पुरेसे नाही. ते देण्यापूर्वीची तपासणी पेडण्याच्या आरोग्य केंद्रात, रुग्ण समोर बसला असताना, त्याच दिवशी होऊ शकली पाहिजे. तपासणी जर पणजीला वा बांबोळीला पाठवावी लागली आणि उत्तर चार दिवसांनी आले, तर तोवर रुग्ण निघून गेलेला असेल. संशोधनाचे फळ आणि रुग्णाचे तोंड यांत अशी लहान लहान अंतरे असतात, आणि बहुधा फळ तेथेच गळून पडते.

लस आली की हे सारे प्रश्न मिटतील, अशी आशा काहींना वाटते. पुण्याच्या सिरम संस्थेत तयार होणारी आर-२१ ही लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली आणि आफ्रिकेतील बालकांसाठी ती वरदान ठरावी, असा विश्वास वाटतो. आपल्या शेजारच्या नगरीने हे कार्य करावे याचा अभिमानही आहे. पण ही लस फॅल्सिपेरमवरची आहे. व्हायव्हॅक्सवर ती काम करीत नाही. गोव्यातील मुख्य शत्रूसाठी आज लस नाही, आणि जी नाही तिची वाट पाहत उघड्या टाक्या उघड्याच ठेवणे हे शहाणपणाचे नव्हे.

आमच्या या विवेचनावर दोन आक्षेप येतील, याची आम्हाला कल्पना आहे. पहिला असा की, हिवताप बाहेरून येणाऱ्या माणसांबरोबर येतो. त्यांनाच आळा घाला म्हणजे झाले. रोगाचा जंतू बाहेरून येतो, हे बव्हंशी खरे आहे. परंतु त्या जंतूला एका माणसातून दुसऱ्यात नेणारा डास कुणी रेल्वेने आणलेला नाही. तो आपल्याच अंगणातील पाण्यात जन्मतो. घर आपण बांधावयाचे, जमीन आपण विकावयाची, भाडे आपण घ्यावयाचे, आणि त्या घराची भिंत उभारणाऱ्याच्या तापाचा दोष मात्र त्याच्या गावावर टाकावयाचा, हा न्याय नव्हे. शिवाय तो शहाणपणाही नव्हे. माणसाचे येणे थांबवता येत नाही; पाण्याला झाकण घालता येते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. रुग्ण इतके थोडे उरले असताना एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारले जाईल. रुग्ण थोडे असतात तेव्हाच रोग मुळासकट काढता येतो, हे त्याचे उत्तर. हजारो रुग्णांच्या काळी प्रत्येकाच्या मागे चौदा दिवस फिरणे अशक्य होते. आज ते शक्य आहे. आणि याच्या उलट बाजूचाही विचार व्हावा. रुग्ण विरळ झाले की, डॉक्टरांच्या मनातूनही रोग ओसरतो. तरुण डॉक्टरने तो पाहिलेला नसतो. तापाच्या रुग्णाला डेंग्यूची तपासणी सुचवली जाते, हिवतापाची राहून जाते. केंद्र शासनाने २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठरवले आहे. उद्दिष्टाच्या अगदी जवळ आल्यावर पाय सैल पडणे, ही १९६५ नंतर झालेली चूक पुन्हा करण्याचे काही कारण नाही.

मग करावे काय? आमच्या मते पेडणे तालुक्यापुरत्या पाच गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, पंचायतीने बांधकामाचा परवाना देताना पाण्याच्या साठ्यांची जबाबदारी नावानिशी ठरवून द्यावी. आठवड्यातून एकदा पाणी रिकामे करणे किंवा जैविक अळीनाशक टाकणे हा खर्च बांधणाऱ्याचा असावा, आणि टाक्यांना घट्ट झाकणे असल्यावाचून वास्तव्याचा दाखला मिळू नये. दुसरी, तालुक्याच्या आरोग्य केंद्रांत जी-६-पीडीची तपासणी जागीच होण्याची सोय असावी. तिसरी, प्रत्येक व्हायव्हॅक्स रुग्णाच्या पत्रिकेवर चौदाही दिवसांची नोंद व्हावी आणि ती पत्रिका गोव्यातील कोणत्याही केंद्रात, तसेच तेरेखोलपलीकडील सिंधुदुर्गातही मान्य व्हावी; डासाला आणि जंतूला राज्याची सीमा ठाऊक नसते. ज्या दिवसांत रुग्ण औषधासाठी येतो त्या दिवसांची मजुरी कापली जाऊ नये, ही अट कंत्राटात घालणे अवघड नाही. चौथी, गाववार आकडे दरमहा जाहीर व्हावेत. पर्यटन बिघडेल या भयाने आकडे दडवण्याचा मोह अनेक देशांना झालेला आहे आणि त्याने पर्यटन कधी वाचलेले नाही. पाचवी, गोव्यातील रुग्णांवर जे संशोधन झाले त्याचे निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकांतच राहू नयेत. ते मराठीत आणि कोंकणीत गावाला, आणि हिंदी, कन्नड, ओडिया अशा भाषांतून मजुरांना सांगितले जावेत. ज्याचे रक्त घेतले त्याला त्यातून काय निघाले हे कळण्याचा हक्क आहे.

हे सारे लोकांकडून होईल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी मोरजीच्याच किनाऱ्याकडे पाहावे. टेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. एके काळी ती अंडी खाल्ली वा विकली जात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावातील माणसांनी वनखात्याच्या बरोबरीने घरट्यांवर पहारा ठेवण्यास आरंभ केला. वाळूचे तापमान किती आहे यावर अंड्यातून नर निघणार की मादी हे ठरते, हा जीवशास्त्राचा सिद्धान्त कुणी ग्रंथातून शिकवला म्हणून हे घडले नाही. शास्त्रज्ञ, सरकार आणि गाव एका कामात एकत्र आले, गावाला त्यात स्थान आणि मान मिळाला, म्हणून ते घडले. सुमारे दीड महिना रात्र-रात्र जागून एका घरट्याची राखण करता येते, तर चौदा दिवस एका माणसाच्या औषधाची राखण का करता येऊ नये?

प्रयोगशाळेने आपले काम बरेचसे केले आहे. जंतू कोठे झोपतो, कोठे लपतो, डास कोणत्या पाण्यात वाढतो, कोणते औषध कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे सारे आज ठाऊक आहे. उरलेले काम टाकीच्या झाकणाचे, चौदाव्या दिवसाच्या गोळीचे आणि परक्या तापकऱ्याला दारातून न हाकलण्याचे आहे. ते पंचायतीचे, आरोग्य खात्याचे, कंत्राटदाराचे आणि घरमालकाचे काम आहे. पावसाळा संपला की बांधकामे पुन्हा जोरात सुरू होतील. त्याआधी पेडण्यात या कामाला हात घातला गेला, तर ज्यांनी आपले रक्त देऊन हे ज्ञान शक्य केले त्यांचे ऋण काही अंशी फिटले, असे म्हणता येईल.